अळंबीचा अर्क आणि प्लेटमधला पिवळा रंग

औषधी अळंबीवरचे शोधनिबंध चाळायला लागलात, की एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हापुन्हा भेटतं. अमुक अळंबीच्या अर्काने अल्फा-ग्लुकोसिडेझ या विकराचं रोधन केलं आणि तो ॲकार्बोज या प्रमाणित औषधापेक्षा प्रभावी ठरला, असं ते वाक्य. पाकिटावर उतरताना त्याचं 'साखर नैसर्गिकरीत्या नियंत्रणात' असं होतं. पुढे ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं, आणि मग कुणाचे तरी काका सकाळची गोळी बंद करून पावडरीचा चमचा सुरू करतात. काकांपर्यंत पोचलेल्या त्या वाक्याचा उगम प्रयोगशाळेतल्या ९६ कप्प्यांच्या एका प्लास्टिकच्या प्लेटमध्ये असतो. आज आपण त्या प्लेटमध्ये नेमकं काय चालतं ते बघू, कारण 'प्रभावी ठरला' हे दोन शब्द तिथे कसे जन्माला येतात ते कळलं, की पाकीट वाचायची नजरच बदलते.

विकर म्हणजे एन्झाइम. मी दोन्ही शब्द वापरीन, सवयीने जो तोंडात येईल तो. भाकरीतलं पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबलचक माळ. लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेझ ही माळ मधेमधे तोडतं. पण आतड्याला तुकडे शोषता येत नाहीत, त्याला सुटे मणी लागतात. ते सुटे करायचं शेवटचं काम लहान आतड्याच्या अस्तरावर बसलेली अल्फा-ग्लुकोसिडेझ गटातली विकरं करतात. त्यांचा वेग कमी केला, तर जेवणानंतर रक्तात साखर एकदम उसळत नाही, हळूहळू चढते. ॲकार्बोज हेच करतं. हा पदार्थ ॲक्टिनोप्लेन्स नावाच्या जिवाणूपासून मिळतो आणि १९९० साली जर्मनीत तो औषध म्हणून बाजारात आला. आपल्याकडे त्याच गटातलं व्होग्लिबोज बऱ्याच जणांच्या चिठ्ठीवर असतं.

ॲकार्बोजची करामत समजून घ्यायला गुऱ्हाळाचा चरक डोळ्यांपुढे आणा. उसाऐवजी बांबूचं कांडं त्यात सारलं तर काय होईल? चरक ते ऊस समजून ओढून घेईल, पण पिळता येणार नाही आणि बाहेरही टाकता येणार नाही. ॲकार्बोजचा रेणू दिसतो साखरेसारखाच, पण विकर जिथे घाव घालतं त्या जोडावर ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन आहे. तो जोड तुटत नाही. विकर अडकून पडतं. हे झालं खरं, नेमकं रोधन. हा बांबू लक्षात ठेवा, आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

आणखी एक. या औषधाला रक्तात शिरायची गरजच नसते, कारण त्याचं काम आतड्याच्या पोकळीत होतं. म्हणून खाण्यातून येणाऱ्या पदार्थांसाठी हे लक्ष्य मुळात समंजस आहे. अळंबीचा अर्क मेंदूतल्या विकराला रोखतो असं कुणी म्हणालं, तर त्याला आधी आतडं, मग यकृत, मग मेंदूभोवतीचा अडसर ओलांडून दाखवावं लागेल. इथे तसं नाही. अर्थात न तुटलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू तिच्यावर मेजवानी करतात. त्याचा आवाज होतो. (हशा)

आता अर्क. अळंबी वाळवली, दळली, पुढे काय? गरम पाण्यात उकळली तर मुख्यतः बहुशर्करा येतात, बीटा-ग्लुकानसारख्या. अल्कोहोलमध्ये भिजवली तर वेगळीच मंडळी बाहेर पडतात. रेशी, म्हणजे गॅनोडर्मा, कडू लागते ती ज्या ट्रायटर्पिनांमुळे, ती अल्कोहोलमध्ये चांगली उतरतात. म्हणजे एकाच अळंबीचे दोन अर्क हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. फणसाच्या खोडावर लाकडासारखी टणक अळंबी येते, तिला फणसोंबा म्हणतात. ती फेलिनस गटातली. पश्चिम महाराष्ट्रात लहान मुलांच्या तोंडाच्या तक्रारींवर ती पाण्यात उगाळून लावायची पद्धत आहे. उद्या कुणी फणसोंब्याचा मिथेनॉलमधला अर्क काढून एखादं विकर रोखून दाखवलं, तर तो निष्कर्ष मिथेनॉलच्या अर्काचा. सहाणेवर उगाळलेल्या लेपाबद्दल त्यातून काहीच कळत नाही, बरं नाही आणि वाईटही नाही. 'परंपरेला विज्ञानाचा दुजोरा' असे मथळे येतात तेव्हा ही साधी गोष्ट हमखास निसटते.

तर प्लेटकडे येऊ. प्रत्येक कप्प्यात थोडं बफर, पीएच ६.८ च्या आसपास. त्यात विकर आणि अर्क एकत्र घालून ३७ अंशांवर काही मिनिटं ठेवायचं. मग एक बनावट साखर घालायची, तिचं लांब नाव सोडा, प्रयोगशाळेत सगळे पीएनपीजीच म्हणतात. ग्लुकोजचा एक मणी आणि त्याला चिकटवलेला नायट्रोफेनॉलचा रेणू, अशी तिची रचना. जोडलेलं असेपर्यंत द्रावण जवळजवळ रंगहीन. विकराने जोड तोडला की नायट्रोफेनॉल सुटतं आणि पिवळा रंग येतो. ठरलेली वेळ झाली की सोडियम कार्बोनेट घालायचं, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. त्याने विकर थांबतं आणि पिवळा रंग गडद होतो. मग यंत्रात ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती ते मोजायचं. अर्क नसलेल्या कप्प्यापेक्षा अर्काच्या कप्प्यात पिवळेपणा जितका कमी, तितकं रोधन जास्त. प्रयोग सुंदर आहे, स्वस्त आहे, एम. एस्सी.चा विद्यार्थी आठवड्याभरात शिकतो.

मंडळी, पिवळा रंग कमी होण्याची कारणं मात्र अनेक असू शकतात, आणि त्यांतलं एकच आपल्या कामाचं असतं.

आधी सोपा घोटाळा. अर्क स्वतःच तपकिरी असतो. समजा, अर्काविना रीडिंग १.२० आलं आणि अर्कासह ०.७२. वजाबाकी-भागाकार केला की ४० टक्के रोधन. पण विकर न घालता नुसत्या अर्काचं रीडिंग घेतलं आणि ते ०.३० निघालं, तर खरा पिवळा रंग ०.४२च होता. म्हणजे रोधन ६५ टक्के. एका कोऱ्या कप्प्याने, ज्याला आम्ही सँपल ब्लँक म्हणतो, उत्तर एवढं हललं. इथे अर्काला न्याय मिळाला. उलटही घडतं. अर्क आंबट असेल आणि बफर पातळ असेल, तर कप्प्याचा पीएच घसरतो, विकर मंदावतं आणि आपण त्याला रोधन म्हणून मोकळे होतो. अमायलेझच्या चाचणीत सुटलेली साखर डीएनएस नावाच्या रसायनाने मोजतात. तिथे अर्कातली मूळची ग्लुकोजही मोजणीत घुसते. कच्च्या अर्कात अळंबीची स्वतःची विकरंही जिवंत असू शकतात, हे तर पुष्कळदा कुणाच्या ध्यानातच येत नाही. अळंबी बिचारी जगतेच मुळी बाहेर विकरं सोडून आणि पचलेलं शोषून.

आता अवघड घोटाळा. पुन्हा चरकाकडे चला. चरक बंद पाडायचे दोन मार्ग. एक, बांबूचं कांडं. दुसरा, वरून पाटीभर चिखल ओतायचा. दोन्हीत रस येणं थांबेल, पण दुसऱ्यात कौशल्य काहीच नाही, तो चिखल पिठाची गिरणीही बंद पाडेल. अर्कांमध्ये चिखलाची कामं करणारे रेणू भरपूर असतात. पॉलिफिनॉल प्रथिनांना चिकटतात, कुठल्याही प्रथिनाला. कच्चं आवळकाठी खाल्ल्यावर तोंड आकसतं ना, तेच. शिवाय काही रेणू पाण्यात एकत्र येऊन सूक्ष्म गोळे बनवतात आणि विकरं त्या गोळ्यांच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटतात. ब्रायन शॉइकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२च्या सुमारास हे उघडकीला आणलं, तेव्हा औषध-संशोधनात बरीच खळबळ झाली, कारण मोठ्या चाळण्यांमधले अनेक 'आशादायक' रेणू निव्वळ चिखल निघाले.

ओळखायचं कसं? त्याचा उपाय मला फार आवडतो, कारण तो अगदी घरगुती आहे. साबण घाला. ट्रायटन एक्स-१०० नावाचा, विकराला न दुखावणारा सौम्य साबण, ०.०१ टक्का. गोळे विरघळतात. रोधनही विरघळलं, तर चिखल होता. टिकलं, तर पुढे बोलायला जागा आहे. त्याच जोडीला, ज्याचा साखरेशी संबंध नाही असं एखादं विकर, उदाहरणार्थ प्रथिनं पचवणारं कायमोट्रिप्सिन, त्याच अर्कासमोर ठेवायचं. तेही तितकंच बंद पडलं, तर तुमच्याकडे मधुमेहाचं औषध नाही, पाटी आणि फावडं आहे. या दोन चाचण्यांचा खर्च किरकोळ असतो. निबंधात त्या नसल्या तर मी तरी रोधनाच्या टक्केवारीवर फारसं थांबत नाही.

आता त्या सुरुवातीच्या वाक्याकडे, 'ॲकार्बोजपेक्षा प्रभावी'. माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा इथे आहे.

प्लेटमध्ये जे अल्फा-ग्लुकोसिडेझ घालतात, ते बहुतेक वेळा येतं कुठून? पाव फुगवणाऱ्या यीस्टमधून. कारण ते स्वस्त, शुद्ध आणि बाटलीत तयार मिळतं. माणसाच्या आतड्यातलं विकर आणि यीस्टमधलं विकर, नाव एकच, काम वरवर एकच, पण घराणी वेगळी. विकरांच्या वर्गीकरणात यीस्टचं अल्फा-ग्लुकोसिडेझ जीएच-१३ कुळात बसतं आणि आपल्या आतड्यातली दोन्ही, माल्टेझ-ग्लुकोअमायलेझ आणि सुक्रेझ-आयसोमाल्टेझ, जीएच-३१ कुळात. घडण निराळी, साखर धरायची खाच निराळी. आडनावबंधू असावेत तसं, नातं नाहीच.

ॲकार्बोज हे सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या विकराला घट्ट धरतं. यीस्टच्या विकरावर मात्र त्याची पकड अगदी सैल आहे. तेवढंच रोधन साधायला कितीतरी पट जास्त ॲकार्बोज ओतावं लागतं. मग यीस्टच्या प्लेटमध्ये शर्यत लावली की काय होतं? ॲकार्बोज त्याच्या परक्या मैदानावर धडपडतं आणि कुठलाही पॉलिफिनॉलवाला अर्क, चहाच्या चोथ्याचासुद्धा, पुढे निघून जातो. आकडे खरे असतात. कुणी लबाडी केलेली नसते. शर्यतच अशी लावली होती, की औषध हरणारच.

उपाय आहे का? आहे. उंदराच्या आतड्याची वाळवलेली पूड मिळते, तिच्यातून सस्तन प्राण्याचं विकर काढता येतं. बनावट पीएनपीजीऐवजी खरी माल्टोज किंवा साखर द्यायची आणि सुटलेलं ग्लुकोज मोजायचं. काम किचकट होतं, द्रावण गढूळ होतं, आकडे तितके देखणे येत नाहीत. म्हणून टाळतात. एखादा निबंध हाती आला की सारांश नंतर वाचा, आधी 'साहित्य आणि पद्धती'मध्ये जाऊन विकर कुणाचं आहे ते बघा. यीस्ट लिहिलेलं दिसलं, तर ॲकार्बोजशी केलेली तुलना पेन्सिलीने खोडून टाका. बाकीचा निबंध तरीही कामाचा असू शकतो.

असाच किस्सा त्वचा उजळवणाऱ्या क्रीमचा आहे, आणि त्यात तर अळंबी दुसऱ्या बाजूने येते. बटण अळंबी चिरून ठेवली की काळपट होते, ती तिच्यातल्या टायरोसिनेझमुळे. आपल्या त्वचेत रंगद्रव्य बनवण्यातही टायरोसिनेझच असतं. म्हणून रंग उजळवणाऱ्या पदार्थांची चाचणी वर्षानुवर्षं बटण अळंबीच्या टायरोसिनेझवर होत आली. कोजिक ॲसिड, अर्ब्युटिन तिथे छान उत्तीर्ण झाले. माणसाचं टायरोसिनेझ शुद्ध स्वरूपात वापरून तपासलं, तेव्हा त्यांची पकड बरीच ढिली निघाली. भाजीचं काळं पडणं थांबवण्यात मात्र ते पटाईत आहेत. (हशा)

आता थोडं गणित. निबंधात आयसी-५० नावाचा आकडा असतो, म्हणजे विकराचं काम निम्मं करायला अर्क किती दाट लागतो. तो जितका कमी, तितका अर्क जोरदार. समजा, एका अर्काचा आयसी-५० आहे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. जेवणानंतर पोटात-आतड्यात अन्न, पाणी, पाचकरस मिळून अर्धा लिटर धरू, हिशेबाला सोपं. म्हणजे विकर निम्मं करायला ५०० मिलिग्रॅम शुद्ध अर्क एका जेवणाला हवा. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते, जमलं की! पण कॅप्सूलमध्ये अर्क आहे की नुसती दळलेली अळंबी? दळलेली असेल आणि तिच्यातून दहा टक्के अर्क निघत असेल, तर एका जेवणाला दहा कॅप्सूल. तुलनेला ॲकार्बोजची ५० मिलिग्रॅमची गोळी त्याच अर्ध्या लिटरमध्ये टाका. मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम, रसायनशास्त्राच्या भाषेत सुमारे १५५ मायक्रोमोलर. आतड्याच्या विकराला रोखायला हे पुरून उरतं. पाकिटावरून हा हिशेब करता येत नसेल, तर पाकिटाने तुम्हाला काही सांगितलेलंच नाही.

हे सगळं ऐकून असं वाटेल, की या चाचण्या फुकट आहेत. अजिबात नाही. बुरशीच्या अर्कांमध्ये विकर-रोधक शोधण्यातून जगातलं एक अतिशय यशस्वी औषध निघालं आहे. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७१ मध्ये सांक्यो कंपनीत काम सुरू केलं. त्यांचं लक्ष्य होतं कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या मार्गावरचं एक विकर, एचएमजी-कोए रिडक्टेझ. दोन वर्षांत सुमारे ६,००० बुरश्यांचे अर्क तपासले. १९७३ मध्ये क्योतोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या पेनिसिलियम सिट्रिनममध्ये रोधक सापडला, कॉम्पॅक्टिन. हा अळंबीचा नव्हे, बुरशीचा शोध, पण दोघींचं कुळ एकच आणि पद्धतही हीच.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. परीक्षानळीत उत्तम असलेलं कॉम्पॅक्टिन उंदरांना दिलं, तर कोलेस्टेरॉल हललंच नाही. प्रकल्प तिथेच संपायचा. पण रेणू शुद्ध होता, त्याची रचना माहीत होती, तो विकराला कसा धरतो ते माहीत होतं. म्हणून 'उंदीर हा प्राणीच इथे चुकीचा असेल' असा प्रश्न विचारता आला. अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला, कोलेस्टेरॉल उतरलं. मग कुत्र्यांवर, तिथेही उतरलं. त्याच घराण्यातलं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. आता विचार करा, एंडोंच्या हातात शुद्ध रेणूऐवजी 'अर्क क्रमांक अमुक, रोधन ६५ टक्के' एवढंच असतं, तर उंदरांच्या निकालापुढे बोलायला त्यांच्याकडे काय उरलं असतं? आजचे कित्येक निबंध त्या पायरीवर थांबतात. अर्क, टक्केवारी, आणि 'पुढील संशोधन आवश्यक'. ते पुढचं संशोधन करायला पुन्हा कुणी फिरकत नाही.

माणसांवरची माहितीही आहे. ऑस्ट्रेलियात मधुमेह आणि मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या ८४ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रोज ३ ग्रॅम गॅनोडर्मा, काहींना गॅनोडर्मासोबत कॉर्डिसेप्स, काहींना प्लासिबो, १६ आठवडे. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी, दोन्हींत गॅनोडर्माने फरक पडला नाही. आणि बाटलीत खरंच गॅनोडर्मा असतं का? अमेरिकेत विकत घेतलेल्या १९ रेशी उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतली ५च लेबलाशी जुळली. काहींमध्ये पिष्टच निघालं. साखर उतरवायला घेतलेल्या डब्यात पिष्ट!

वेळ होत आला आहे, दोन प्रश्न घेऊ. एका ताईंनी विचारलंय, धिंगरीत लोव्हास्टॅटिन असतं असं वाचलं, मग ती खावी का? असे निबंध १९९०च्या दशकापासून आहेत. पण ते प्रमाण जातीनुसार, वाढवायच्या माध्यमानुसार, कापणीच्या वेळेनुसार बदलतं. भाजी म्हणून धिंगरी जरूर खा, चांगली लागते. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस तिच्यावर सोपवू नका.

दुसरा प्रश्न मागून आला. गोळ्या चालू ठेवून वर अर्क घेतला, तर काय बिघडतं? आधी तुमच्या डॉक्टरांना डबा दाखवा. समजा अर्काने काहीच केलं नाही, तर पैसे गेले. पण समजा त्याने खरंच काम केलं, आतड्यातली विकरं खरंच रोखली, आणि तुम्ही इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेता. साखर एकदम खाली आली, हातपाय थरथरायला लागले, तर आपण काय करतो? चमचाभर साखर किंवा पेढा तोंडात टाकतो. पण साखर फोडणारं विकरच बंद आहे, ती रक्तात पोचायला उशीर होईल. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांनी खिशात साखर नव्हे, ग्लुकोजची पावडर ठेवायची. ती फोडावी लागत नाही.